चीनमध्ये मुलींचे पाय कुणी बांधले? राजवाड्याने की आईने?

चिनी सम्राट, त्यांचा जनानखाना आणि राण्यांची इवलीशी पावलं... असा व्हिडीओ सोशल मीडियावर दर काही दिवसांनी फिरतो. त्यात मोठा घोळ आहे. चीनच्या शेवटच्या राजघराण्यात, म्हणजे छिंग काळात (१६४४-१९१२), राजवाड्यातल्या मांचू स्त्रिया पाय बांधत नव्हत्या. त्यांना तशी मनाईच होती. राजमाता त्सशीचे पायही मोकळेच होते. १९०२ मध्ये तिनेच या प्रथेविरुद्ध फर्मान काढलं.

प्रथेचा उगम दहाव्या शतकातल्या एका दरबारी नर्तकीशी जोडतात, पण ती आख्यायिका. पाय बांधले जात ते प्रामुख्याने हान समाजातल्या मुलींचे, साधारण पाच-सहा वर्षांच्या वयात. अंगठा सोडून बाकीची बोटं तळव्याखाली दुमडायची आणि पट्टीने आवळायची. हाडं मोडायची. आणि हे करणारी बहुधा आईच! पाय मोठे राहिले तर लग्न कसं जमणार, ही धास्ती.

लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या अभ्यासकांनी खेड्यांतल्या वृद्धांशी बोलून वेगळं कारण मांडलं. पाय बांधलेली मुलगी एका जागी बसून सूत कातते. थोडक्यात, शृंगाराच्या नावाखाली बालमजुरी. मला हे जास्त पटतं. व्हिडीओवाल्यांना यात रस नसतो.

नुसत्या हुकमाने काही थांबलं नाही. सम्राट कांगशीची १६६४ ची बंदी चार वर्षांत मागे घ्यावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारकांच्या संघटनांनी मात्र पालकांकडून दोन वचनं घेतली: मुलीचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून आणणार नाही. दुसऱ्या वचनामुळे मोकळ्या पायांच्या मुलींना स्थळं मिळू लागली.