गळ्यातला बिल्ला आणि मनातली कल्पना

लांज्यातल्या एखाद्या काजू कारखान्यात दुपारी डोकवावे. बायका ओळीने बसलेल्या, चिकापासून जपायला हाताला तेल चोपडलेले. कटर चालू आणि तोंडही चालू. मुकादमाला वाटते, गप्पांत वेळ जातो. पण बी पात्याखाली कशी धरली म्हणजे गर अख्खा निघतो, हे नवखीला जुनीकडून कळते ते याच गप्पांत. आणि अख्ख्या गराला तुकड्यापेक्षा भाव जास्त, हे मालकाला सांगायला नको.

हेच सिद्ध करायला अमेरिकेत यंत्र लागले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्रा. अलेक्स पेंटलँड यांच्या चमूने कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवेदकांचे बिल्ले अडकवले. बिल्ला काय बोलले ते टिपत नाही; कोण कोणासमोर होते, किती वेळ बोलले, आवाजाचा चढउतार कसा होता, एवढेच नोंदवतो. एका बँकेच्या कॉल सेंटरला त्यांनी सुचवले, की प्रत्येक गटाने चहाची सुट्टी एकत्र घ्यावी. मागे पडलेल्या गटांत एका कॉलला लागणारा वेळ त्यामुळे 20 टक्क्यांहून अधिक घटला, असे त्यांनी 2012 साली लिहिले.

अर्थात, वेग म्हणजे सर्जनशीलता नव्हे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासाने तीही पकडण्याचा प्रयत्न केला. हालचाल आणि समोरासमोरचा संवाद यांच्या नोंदींवरून गटाचे सर्जनशील दिवस ओळखायचे होते. पण मुळात दिवस सर्जनशील होता, हे ठरवले कोणी? बिल्ल्याने नव्हे. ते माणसांनाच विचारावे लागले.

मग प्रश्न उरतो, नोंद कोणाच्या हाती? 2020 पर्यंत नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे चढवली होती; तिथे हेतू अभ्यासाचा नव्हता, हजेरीचा होता. संशोधकाचा बिल्ला मुकादमाच्या हाती गेला, की त्याचेही हजेरीपुस्तक होणार. आणि आपल्या गप्पा मोजल्या जातात हे कळले, की माणसे जपून बोलू लागतात. जपून बोलणाऱ्याला नवे सुचत नाही.

म्हणून बिल्ला घालायचा की नाही, हे घालणाऱ्याने ठरवावे. नोंद आधी त्याला दिसावी आणि मालकाला दिसावी ती फक्त गटाची, माणसाची नव्हे. एवढे जमणार नसेल, तर चहा सर्वांना एका वेळी द्यावा आणि मुकादमाने जरा लांब बसावे. त्याला संवेदक लागत नाही.