स्वभावाला औषध नाही?

ओळखीतल्या एका बाईंना डेंग्यू झाला. नवरा दाराशी उभा राहून विचारायचा, "काही हवंय का?" आणि "नको" ऐकलं की सुटल्यासारखा लॅपटॉपकडे वळायचा. पुढे वाद झाला तेव्हा म्हणाला, "माझी अटॅचमेंट स्टाईल अव्हॉयडंट आहे, मी काय करू?" त्याच्या आजोबांनी याच जागी 'स्वभावाला औषध नाही' म्हटलं असतं.

एका चांगल्या सिद्धांताची अशी जन्मपत्रिका करण्याला माझा आक्षेप आहे. जॉन बोल्बींच्या मांडणीला निरीक्षणाचा पाया दिला मेरी एन्सवर्थ यांनी, आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन. बाळ रडल्यावर आई काय करते, हे त्या तासन्‌तास पाहत. हाकेला ओ मिळते की नाही, हा मूळ प्रश्न होता. 1987 साली हेझन आणि शेव्हर यांनी हाच विचार प्रौढांच्या प्रेमाला लावला. त्यातले सुरक्षित, चिंताग्रस्त आणि टाळणारा हे तीन कप्पे आपण उचलले आणि ओ देण्याचं तेवढं विसरलो.

शेव्हर मात्र विसरले नाहीत. 1994 मध्ये एका सहसंशोधिकेबरोबर त्यांनी जोडीदाराची काळजी मोजण्याच्या चार बाजू मांडल्या: जवळ असणं, गरज ओळखणं, ताबा न घेता कलानं घेणं आणि अतिरेकी सेवा. टाळणारे जवळ येत नाहीत, हे अपेक्षितच. पण चिंताग्रस्त माणसं पुष्कळ करूनही चुकतात, कारण समोरच्याला झोप हवी असताना ती पाय चेपत बसतात. सेवेचा ढीग घातला म्हणजे जोडीदार समाधानी होतो असं नाही. आपली गरज याला कळली, असं त्याला वाटावं लागतं.

आणि ही पत्रिका सगळ्यांना सारखी वापरता येते का? सरकारच्या 2019च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष 97. 'मी अव्हॉयडंट आहे' म्हणून स्वयंपाकघराबाहेर बसलेली सून कुणी पाहिली आहे? तिला आपल्याकडे माणूसघाणी म्हणतात. आणि तीच सून चारदा हाक मारून पाचव्यांदा ओरडली, की 'अँक्शस' ठरते. चार हाकांचा हिशेब कुणी मागत नाही.

बालपणीच्या जखमा खोट्या आहेत, असं मी म्हणत नाही. आपण दूर का पळतो हे कळण्यासाठी ही नावं उपयोगी आहेत, पण कळल्यावर परत फिरायचं असतं. शैली दगडावरची रेघ नाही. भरवशाच्या नात्यात ती बदलते, हेही याच संशोधनातून दिसलं आहे.

त्या नवऱ्याचा स्वभाव बदलायला कदाचित वर्षं लागतील. तांदळाची पेज व्हायला अर्धा तास पुरतो.