हौशी माणसांची सामाईक वही

रत्नागिरीजवळ पानवल नदीवर कोकण रेल्वेचा पूल आहे. त्याची उंची ६४ मीटर व लांबी ४२४ मीटर. हा पूल आपल्या माडीवर उभारावा असे एखाद्या मुलाच्या मनात आले, तर काय होईल? जगातील पुष्कळ हौशी लोक आगगाडीची प्रतिकृती मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी करतात. त्या हिशेबाने पुलाची उंची सुमारे ७४ सेंटिमीटर भरेल आणि लांबी जवळजवळ पाच मीटर. पूल कसाबसा मावेल. परंतु करबुड्याचा बोगदा पडला साडेसहा किलोमीटरांचा! त्याची प्रतिकृती ७५ मीटर लांब होईल व शेजाऱ्याच्या आमराईत शिरेल. तेव्हा बोगदा आखूड करणे आलेच. तो किती आखूड करावा म्हणजे खोटा दिसणार नाही, हे मात्र गणिताने कळत नाही. ज्याने एकदा करून पाहिले, त्यालाच ते ठाऊक असते.

असे ज्ञान हौशी माणसाच्या बोटांत राहते. पुण्यास कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय उभारले. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. परंतु घरातल्या कोपऱ्यात पुठ्ठा कापीत बसणाऱ्याची कला बहुधा त्याच्याबरोबरच जाते, आणि दुसऱ्या गावचा मुलगा पुन्हा श्रीगणेशापासून आरंभ करतो. वास्तविक आज संगणकाच्या महाजालावर एकच वही हजारो लोकांना लिहिता व वाचता येते. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच रीतीने वाढला. छोट्या आगगाड्यांसाठीही अशी वही मराठीत असली पाहिजे.

तिच्यात यशाच्या कथाच नकोत. फसलेले प्रयोग आधी हवेत. भारतातील मोठ्या मार्गावर दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर असते. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग १९ मिलिमीटरांहून किंचित अधिक होतो. बाजारात मिळणारे छोटे रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरांचे, कारण ते युरोपातील १,४३५ मिलिमीटरांच्या मार्गावरून बेतलेले आहेत. कोणी हा फरक चालवून घेतो, कोणी स्वतः रूळ जोडतो आणि वळणावर त्याची गाडी घसरते. ती का घसरली, हे त्याने लिहून ठेवले, तर पुढच्या दहाजणांचे श्रम वाचतील.

कोणीही लिहू लागला, तर वहीत चुका शिरतील, अशी शंका काही जण घेतात. शंका रास्त आहे. म्हणून प्रत्येकाने आपण माप स्वतः घेतले की ऐकले, एवढे प्रामाणिकपणे नोंदवावे. मग चूक दुसऱ्यास दुरुस्त करता येते. एकट्याच्या कपाटातील चूक मात्र तशीच राहते.

या वहीतील काही पाने रत्नागिरीकरांनीच लिहावयाची आहेत. डोंगरावरचे बर्फ कसे दाखवावे, हे युरोपातील लोक उत्तम सांगतील. पण जांभ्याचा रंग वैशाखात निराळा आणि श्रावणात, शेवाळ चढल्यावर, निराळा, हे त्यांना कोठून कळणार? शिवाय २०२२ साली कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. विजेच्या तारा व खांब नसलेला तो मार्ग कसा दिसत असे, हे सांगणारी माणसे घरोघरी आहेत. त्यांना विचारावे, जुनी छायाचित्रे मागावीत. रुळांवर उतरून मापे घेण्याचे साहस मात्र कोणी करू नये; तो गुन्हा आहे, आणि फलाटावरून दिसते तेवढ्याने वहीची पुष्कळ पाने भरतील.