केरातले सोने आणि पाऱ्याचा धूर

आम्ही सेमाडोहचे कापडवाले चिंधीही वाया घालवत नाही. मग सोन्याची धूळ कोण सोडील? कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिथल्या टाकाऊ मातीच्या १३ ढिगांतून सोने काढायला कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये संमती दिली. आपल्या धूळधोये, झारेकरी बांधवांचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे हुनर. सराफाचा केर विकत घ्यायचा, धुवायचा, पाऱ्याने सोने धरायचे आणि पारा उडवायचा. पण ती वाफ विषारी आहे. मेंदू आणि मूत्रपिंडे खराब करते, लेकरांना जास्त बाधते. रोजीपायी जीव घालवणे हा तोट्याचा सौदा. पारा घरात, उघड्यावर तापवू नका. बंद भांड्यात तापवून वाफ थंड केली तर पाराही परत मिळतो. अशी भांडी सराफ संघटनांनी पुरवावीत. केर शेवटी त्यांच्याच दुकानांचा आहे.