गॅसचा वापरलेला डबा विकणाऱ्याने परत घ्यावा

ट्रेकिंगच्या शेगडीला लागणारा ब्युटेनचा पातळ पत्र्याचा डबा आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत सहज मिळतो, ऑनलाइन तर घरपोच येतो. विकताना त्याचे वजन, किंमत, तो कुठल्या शेगडीला बसतो हे सगळे सांगितले जाते. गॅस संपल्यावर त्याचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. भोक पाडू नका, जाळू नका, ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका, आणि हे वापरून झाल्यावरही पाळा, एवढे डब्यावर छापलेले असते. काय करू नये ते ग्राहकाला कळते. काय करावे याचे उत्तर मिळत नाही म्हणून तो डबा निमूटपणे सुक्या कचऱ्यात टाकतो. यात ग्राहकाच्या बेफिकिरीपेक्षा विक्रीच्या व्यवस्थेचा दोष मोठा आहे. प्रत्येक डब्यावर अनामत रक्कम घ्यावी, वापरलेला डबा दुकानदाराने परत घ्यावा आणि त्याची विल्हेवाट उत्पादकाने किंवा आयातदाराने लावावी, एवढी साधी दुरुस्ती हवी.

संपलेला डबा रिकामा नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवे. डब्यातला दाब बाहेरच्या हवेइतका झाला की गॅस बाहेर येणे थांबते, पण डबाभर वायू आत राहतोच. थंडीत तर द्रवरूप गॅसही शिल्लक राहतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जरासे खाली उकळते, म्हणून त्याखालच्या तापमानाला त्याच्या वाफेचा दाब शेगडी चालण्याइतका राहत नाही. हिमालयातल्या मुक्कामी पहाटे ज्या डब्यावर शेगडी पेटत नाही, तोच डबा दुपारच्या उन्हात पुन्हा पेटतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देत राहतो, म्हणून उंचावरच्या डब्यांत त्याचे मिश्रण असते. पण मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो आणि तळाशी ब्युटेनच जास्त उरतो. ही वाफ हवेच्या दुप्पट जड. ती वर विरून जात नाही, खड्ड्यात, गटारात, गाडीच्या हौद्यात साचते. हवेत तिचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते.

आणि ठिणगी पडण्याच्या जागा आपल्या कचऱ्याच्या वाटेवर जागोजागी आहेत. कचरा दाबणाऱ्या गाडीत पत्र्यावर पत्रा घासतो. वर्गीकरणाच्या शेडमध्ये पत्रा हाताने वेगळा काढला जातो, भंगारच्या दुकानात तो हातोड्याने चेपतात. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याचे मोठे काम ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या सभासद करतात, त्यात स्त्रिया जास्त. डब्यात गॅस उरला आहे की नाही, हे त्यांना बाहेरून कळण्याची सोय नाही. डबा वापरणाऱ्याला निदान तो काय आहे हे माहीत असते. धोका मात्र पोहोचतो ज्याला काहीच सांगितलेले नाही अशा माणसाकडे, आणि तोही शंभर-दीडशे ग्रॅम पत्र्याच्या दोन-चार रुपयांसाठी.

कायदा काय म्हणतो? घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या बाबतीत तो चोख आहे. सिलिंडर कंपनीचा, आपण फक्त अनामत भरतो. ठरावीक वर्षांनी त्याची चाचणी होते, आणि चाचणीत नापास झालेला सिलिंडर चेपून किंवा तुकडे पुन्हा जोडता येणार नाहीत असा कापून नष्ट करावा लागतो. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये सिलिंडर म्हणजे ५०० मिलिलिटरपेक्षा मोठे आणि १००० लिटरपर्यंतचे धातूचे भांडे. बाजारातले कित्येक छोटे डबे या रेषेच्या अलीकडे किंवा अगदी काठावर येतात. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उघडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. त्या कचऱ्याच्या व्याख्येत रंगाचे डबे होते, कीटकनाशकांचे डबे होते, ट्यूबलाइट आणि बॅटऱ्या होत्या. गॅसच्या डब्याला ‘इत्यादी’त जागा शोधावी लागत होती. मात्र याच नियमांतल्या सतराव्या नियमाकडे फारसे कोणी पाहिले नाही. पत्रा, काच, प्लास्टिक अशा वापरून फेकायच्या वस्तू बाजारात आणणाऱ्यांनी कचरा व्यवस्थेसाठी स्थानिक संस्थांना आर्थिक मदत द्यावी आणि न कुजणारे वेष्टन परत गोळा करण्याची व्यवस्था उभारावी, असे तो नियम सांगत होता. म्हणजे डबे परत घेण्याची मागणी कायद्याला नवी नाही. कायद्यात लिहिलेले काम दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

यावर अनुभवी मंडळींचे एक उत्तर ठरलेले असते: डबा पूर्ण जाळून संपवावा, मोकळ्या हवेत भोक पाडावे आणि भंगारात द्यावा, प्रश्न मिटला. त्यासाठी खास हत्यारही विकत मिळते. जाणकाराने डोंगरावर वाऱ्यात हे केले तर कदाचित काही होणार नाही. पण सार्वजनिक सल्ला जाणकारांपुरता राहत नाही. तो फ्लॅटच्या बाल्कनीत आणि हॉटेलच्या मागच्या खोलीतही पाळला जातो. जपानमध्ये अनेक नगरपालिका स्प्रेचे आणि शेगडीचे डबे भोक पाडून मागत असत. १६ डिसेंबर २०१८ रोजी साप्पोरो शहरात एका घरभाडे एजन्सीच्या कर्मचाऱ्यांनी दुर्गंधीनाशक स्प्रेचे शंभरावर डबे बंद जागेत रिकामे केले आणि नंतर पाणी तापवायचे यंत्र सुरू केले. इमारत उडाली, चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. तिथल्या पर्यावरण मंत्रालयाचाही कल डबे भोक न पाडता, वेगळे गोळा करण्याकडे आहे. ज्या देशात लोक कचरा इतक्या शिस्तीने वेगळा करतात तिथे हे घडते, तर भोक पाडण्याचे काम आपण घरोघरी सोपवू नये.

दुसरा आक्षेप दुकानदारांचा असेल: परत आलेले डबे ठेवायचे कुठे, आग लागली तर? आक्षेप रास्त आहे, पण तेच दुकान आज भरलेले डबे ठेवते. वापरलेल्या डब्यात त्याहून किती तरी कमी गॅस असतो. हवेशीर जागेतली जाळीची पेटी, डब्यांच्या संख्येवर मर्यादा आणि पुरवठादाराच्या परतीच्या गाडीतून उचल, इतके पुरे. डबे असे कितीसे विकले जातात, त्यासाठी नवी व्यवस्था कशाला, असेही विचारले जाईल. विक्री थोडी आहे तोवरच व्यवस्था बसवणे स्वस्त पडते. कॅलिफोर्नियाने उशीर झाल्यावर कठोर मार्ग धरला: एकदाच वापरायच्या एक पौंडी प्रोपेन सिलिंडरच्या विक्रीवर तिथे १ जानेवारी २०२८ पासून बंदी येणार आहे. लोक डबा परत आणणारच नाहीत, या शंकेत मात्र मला दम वाटत नाही. अनामतीच्या सिलिंडरवर या देशाचा स्वयंपाक चालतो. ती सवय लावायची नाही, फक्त वाढवायची आहे. डब्यामागे पन्नास रुपये अनामत ठेवली आणि तरीही कोणी तो फेकलाच, तर कचरावेचक तो हातोड्याखाली घालणार नाही, अखंड दुकानात नेईल. दोन रुपयांचा पत्रा पन्नास रुपयांचा झाला की तो सांभाळला जाईल.

हे होईपर्यंत डबा उघड्यावर, ऊबदार हवेत, शेगडीची ज्योत आपोआप विझेपर्यंत वापरावा. भोक पाडू नये, अडॅप्टर लावून पुन्हा भरू नये. त्याचा पत्रा आणि झडप दुसऱ्यांदा भरण्यासाठी बनवलेली नसते. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत लपवू नये. लाल खूण करून, ‘गॅसचा डबा’ असे लिहून वेगळा द्यावा आणि घेणाऱ्याला तोंडी सांगावे. पुण्यात सॅनिटरी पॅडवर लाल ठिपका लावण्याची सवय ‘स्वच्छ’नेच रुजवली, त्यामुळे ही खूण तिथे अनोळखी नाही. आपल्या प्रभागासाठी घातक कचऱ्याचे जमा केंद्र कुठे आहे, हे पालिकेला लेखी विचारावे; २०१६ च्या ज्या नियमांनी ते केंद्र बंधनकारक केले, त्यांनीच त्याच्या वेळा जाहीर करायलाही सांगितले होते.

राज्याबाहेरच्या दोन जागांचा उल्लेख मात्र करायलाच हवा. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य ट्रेकर हिमालयात जातात. विमानात असा डबा नेता येत नाही. रेल्वेत धोकादायक वस्तू नेणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून डबे मनालीत, लेहमध्ये विकत घेतले जातात, आणि त्याच कारणाने उरलेल्या गॅससह तिथेच राहतात. प्रामाणिक माणसालाही तो डबा विमानाने किंवा रेल्वेने कायदा न मोडता घरी आणता येत नाही. तेव्हा अनामतीची सुरुवात पुण्या-मुंबईच्या दुकानांबरोबरच त्या दोन बाजारपेठांतूनही व्हावी, आणि आपल्याकडच्या ट्रेक संस्थांनी डबे परत घेणाऱ्या दुकानातूनच खरेदी करण्याची अट यंदाच्या हंगामापासून घालावी.