आकड्यांत न मावणारे पैलवान

अमेरिकन फुटबॉलमध्ये सर्वांत भारी नोज टॅकल कोण? या वादात आपण आधी सॅक मोजतो, म्हणजे क्वार्टरबॅकला किती वेळा पाडलं ते. इथंच गंडतं. बचावफळीच्या मधोमध उभं राहून दोन-दोन ब्लॉकर अंगावर घेणं हे त्याचं काम. त्यामुळे मागचा लाइनबॅकर मोकळा सुटतो आणि टाळ्या त्याला! स्टीलर्सच्या केसी हॅम्प्टनच्या अख्ख्या करिअरमध्ये सॅक फक्त ९, पॅट्रियट्स गाजवणाऱ्या विन्स विलफोर्कच्या १६. सुपर बोल मात्र दोघांनीही दोन-दोन जिंकले. १९६७ चा कॉलेज कुस्ती चॅम्पियन कर्ली कल्प १९८१ मध्ये निवृत्त झाला. हॉल ऑफ फेमचं दार उघडलं थेट २०१३ मध्ये. तुलना जरूर करा, पण कितींना पाडलं यापेक्षा कितींना अडवून धरलं ते बघा.