26 आठवडे कुणासाठी?

2017 च्या दुरुस्तीपासून भारतात पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने 12 आठवडे, तीही बिनपगारी. स्वीडनमध्ये आई-वडील मिळून 480 दिवस! कागदावर आपण फार मागे नाही. पण दुकानात, ऑफिसात किमान दहा माणसं कामाला हवीत. मग किराडपुऱ्यात घरीच शिलाई मशीन चालवणाऱ्या आमच्या भगिनींना कसली रजा? त्यांच्यासाठी मातृवंदना योजना: पहिल्या बाळाला 5000 रुपये, दुसऱ्याला 6000, तेही मुलगी झाली तरच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र किमान 6000 लिहिलेत, मुलगा-मुलगी भेद न करता. मुलगा झाला की बाळंतपणाचा खर्च कमी होतो का? नोंदणी अंगणवाडी सेविकेकडे होते, तेवढी तरी वेळेत करा.